खाल्लं म्हणजे जेवलं नव्हे

गेल्या वर्षी एका ग्रीक उताऱ्याचं मराठी करताना मी दोन शब्दांवर अडकले. शब्द अवघड नव्हते. ग्रीक शिकायला लागल्यावर लवकरच भेटतात त्यांतलेच होते, एक ‘पिणे’ आणि एक ‘जेवणे’. दोन्हींना ‘सोबत’ या अर्थाचा उपसर्ग लागलेला, दोन्ही भूतकाळी. मी बेधडक लिहून टाकलं, ‘ती त्यांच्याबरोबर खात-पीत असे.’ आमचा सात-आठ जणांचा वाचनगट आहे, दर रविवारी संध्याकाळी स्क्रीनवर भेटतो. त्यातल्या एका काकांनी विचारलं, “म्हणजे खात्यापित्या घरची होती का?”

सगळे हसले, मीही हसले. पण ते वाक्य जिच्याबद्दल होतं तिच्यावर खटला चालू होता, आणि खटला हरली तर तिला गुलाम म्हणून विकलं जाणार होतं. तिचं नाव निआइरा. काळ साधारण इ.स.पू. ३४३ ते ३४० च्या दरम्यानचा, स्थळ अथेन्सचं न्यायालय. ती परदेशी असूनही स्टेफानोस नावाच्या अथेन्सच्या नागरिकाबरोबर त्याची लग्नाची बायको म्हणून राहते, असा आरोप होता. फिर्यादीच्या बाजूचं मुख्य भाषण अपोलोडोरोसचं. हे भाषण डेमोस्थेनिसच्या नावावरच्या भाषणांत ५९ व्या क्रमांकाला आहे, म्हणून टिकलं. निआइराचा खरा राग कोणालाच नव्हता. नेम स्टेफानोसवर होता. पण न्यायालयात स्वतःच्या बाजूने बोलण्याची मुभा बायकांना नव्हती, त्यामुळे तिच्याबद्दल जे काही बोललं गेलं ते सगळं पुरुषांच्या तोंडून आलेलं आहे.

अपोलोडोरोस सांगतो की ही मुलगी लहानपणीच कॉरिंथच्या निकारेटे नावाच्या कुंटिणीने विकत घेतली, पुढे ती पानाथेनाइयाच्या मोठ्या उत्सवाला थेसलीच्या सिमोसबरोबर अथेन्समध्ये आली, आणि तिथे अनेकांच्या देखत ती ‘सोबत पीत होती आणि सोबत जेवत होती’. एखाद्या गणिकेने वागावं तशी, अशी पुस्ती तो जोडतो आणि साक्षीदार उभे करतो. चोरी नाही, मारामारी नाही. ती जेवली, हा पुरावा.

जेवणं हा पुरावा कसा होऊ शकतो, हे कळायला मला त्या क्रियापदाच्या मुळाशी जावं लागलं.

क्रियापद आहे ‘देइप्नेओ’, म्हणजे ‘मी जेवतो’. तो ‘देइप्नोन’ या नामापासून बनलेला आहे. हा क्रम महत्त्वाचा. मराठीत आपण ‘जेवणे’ या धातूपासून ‘जेवण’ हे नाम करतो, आधी क्रिया आणि मग वस्तू. ग्रीकमध्ये उलटं. आधी देइप्नोन नावाची एक ठरलेली गोष्ट, आणि मग तिच्यात सामील होण्याची क्रिया. आपल्याकडे हातावरून ‘हाताळणे’ किंवा लाथेवरून ‘लाथाडणे’ होतं, त्याच जातीचा हा नामधातू. त्याचा शब्दशः अर्थ लावायचा तर ‘देइप्नोन करणे’ असा लागेल. तोंडात घास घालण्याच्या क्रियेला ग्रीकमध्ये वेगळा शब्द होता, वर्तमानकाळात ‘एस्थिओ’ आणि भूतकाळात अगदी निराळ्या मुळाचा ‘एफागोन’. माणूस, गुरं, कुत्री, सगळी ‘एस्थिओ’ करू शकतात. देइप्नोनला मात्र माणसं लागतात, वेळ लागते आणि जागा लागते.

खुद्द ‘देइप्नोन’ हा शब्द कुठून आला हे भाषाशास्त्राला सांगता येत नाही; ग्रीक लोक त्या भूमीत येण्याआधीच्या कुठल्या तरी भाषेतून तो आला असावा, असं काही अभ्यासक मानतात. जुन्या टीकाकारांना मात्र असली अनिश्चितता सहन होत नसे. त्यांनी ‘देइ’ म्हणजे ‘पाहिजे’ आणि ‘पोनेइन’ म्हणजे ‘कष्ट करणे’ असे दोन तुकडे पाडून दाखवले. ज्याच्यानंतर कष्टाला लागायचं ते देइप्नोन! व्युत्पत्ती म्हणून हे खोटं आहे, पण होमर वाचताना ते खोटं वाटत नाही. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात आगामेम्नोन सैन्याला सांगतो की आधी देइप्नोन उरका, मग लढाईला भिडू. तिथे वेळ सकाळची आहे. अकराव्या सर्गात लढाईची वेळ सांगताना कवी म्हणतो की डोंगरात झाडं तोडून हात दमलेला लाकूडतोड्या आपलं देइप्नोन तयार करतो, तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे उन्हं वर आल्यावरची. रात्रीच्या जेवणाला होमरकडे वेगळा शब्द आहे, ‘दोर्पोन’. मुलाचं प्रेत मागायला आलेला म्हातारा प्रियाम आणि त्या मुलाला मारणारा अकिलीस शेवटी एकत्र बसतात ते दोर्पोनला.

तीनशे वर्षांनी अथेन्समध्ये याच देइप्नोनची वेळ संध्याकाळवर गेलेली दिसते. सकाळी पाणी न घातलेल्या वाइनमध्ये बुडवलेली भाकरी, तिचं नाव ‘अक्रातिस्मा’. दुपारी ‘अरिस्तोन’, जे होमरकाळी सकाळचं होतं. आणि दिवस मावळताना देइप्नोन. ‘दोर्पोन’ रोजच्या बोलण्यातून निघून गेला. असं घसरणं फक्त ग्रीकांच्याच वाट्याला आलेलं नाही. आपण रात्रीच्या जेवणाला ‘डिनर’ म्हणतो, तो शब्द मुळात ‘उपास सोडणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला आहे, म्हणजे खरं तर न्याहारीच. दिवसातलं जे मुख्य जेवण, त्याला नाव चिकटतं. मग ते जेवण दिवसभर जिथे सरकेल तिथे नावही सरकतं. घड्याळाशी या शब्दाचं नातं कधीच पक्कं नव्हतं, मानाशी होतं.

आता व्याकरण. ज्यांनी शाळेत संस्कृतचे लकार घोकले आहेत त्यांना ग्रीक क्रियापद परकं वाटत नाही. ‘देइप्नेओ’ मधले ‘ए’ आणि ‘ओ’ अथेन्सच्या बोलीत संधी होऊन ‘देइप्नो’ होतात. भूतकाळात पुढे ‘ए’ लागतो, संस्कृतात ‘अगच्छत्’ मध्ये ‘अ’ लागतो तसा. पूर्ण झालेली क्रिया दाखवायला पहिल्या अक्षराची द्विरुक्ती होते, ‘ददर्श’ मध्ये होते तशी, आणि ‘देदेइप्नेका’ असं रूप मिळतं. अर्थ ‘माझं जेवण झालंय’. हे रूप अथेन्सच्या लोकांच्या तोंडी इतकं होतं की त्याची झीज झाली. विनोदी नाटककारांनी ‘देदेइप्नेकेनाइ’च्या जागी ‘देदेइप्नानाइ’ असं आखूड रूप वापरलेलं आहे. ‘झालं आहे’चं ‘झालंय’ व्हावं, त्यातलाच प्रकार. अशी रूपं नोंदवून ठेवणारा माणूस म्हणजे इ.स. २०० च्या सुमाराचा अथेनाइओस. त्याच्या पंधरा भागांच्या पुस्तकाचं नावच ‘देइप्नोसोफिस्ताइ’, म्हणजे जेवणपंडित. त्यात मंडळी जेवायला जमतात आणि माशांपासून व्याकरणापर्यंत सगळ्यावर वाद घालतात.

अरिस्तोफानेसच्या इ.स.पू. ४०५ च्या ‘बेडूक’ नाटकात तर एक रूप असं आहे की मराठी माणसाने खूश व्हावं. ‘एरिस्तेताइ’. दुपारचं जेवण करणे या क्रियापदाचं हे कर्ता नसलेलं रूप. कोण जेवलं ते सांगायचंच नाही, जेवणं आटोपली एवढंच. इंग्रजीत याचं भाषांतर करायला ओढाताण होते. आपण ‘जेवणं झाली’ म्हणून मोकळे होतो.

पण मला खरा धक्का बसला तो कर्माच्या प्रश्नाने. देइप्नेओला बहुतेक वेळा कर्म नसतं. काय जेवलात हे सांगायची गरज पडत नाही. क्वचित येतं. हेसिओडच्या ‘कामे आणि दिवस’ मध्ये सल्ला आहे की नांगरामागे चाळिशीचा गडी ठेवावा, चार चतकोरांची, आठ तुकड्यांची भाकरी जेवलेला. तो इकडेतिकडे न बघता सरळ तास मारतो. इथे भाकरी हे कर्म आहे. तरीही वाक्याचं लक्ष भाकरीवर नसून गड्यावर आहे.

हे समजावून सांगताना मला वाचनगटात एकदम मराठीचं उदाहरण सुचलं. ‘मी भात खाल्ला, मी भाकरी खाल्ली.’ क्रियापद पदार्थाप्रमाणे बदलतं. ‘मी भात जेवले, मी भाकरी जेवले.’ इथे क्रियापद भाताकडे किंवा भाकरीकडे ढुंकूनही बघत नाही, माझ्याकडे बघतं. एक कर्मणी, एक कर्तरी, हे शाळेत शिकलो होतो. त्यामागे काही अर्थ असेल असं मनात आलं नव्हतं. खाण्यात सत्ता पदार्थाची, जेवण्यात सत्ता जेवणाऱ्याची. देइप्नेओ हे त्या अर्थाने अस्सल ‘जेवणे’ आहे. त्याला ‘काय’ विचारायचं नसतं, ‘कोण’ आणि ‘कोणाबरोबर’ विचारायचं असतं.

या ‘कोण’चा सगळ्यात कोरडा पुरावा अथेन्सच्या शिलालेखांत आहे. नगराच्या प्रितानेइओन नावाच्या सभागृहात पाहुण्यांना सरकारी खर्चाने जेवू घालत. तसे ठराव दगडावर कोरलेले सापडतात. त्यांत साधारण नियम असा दिसतो की पाहुणा परदेशी असेल तर त्याला ‘क्सेनिया’ला बोलवावं, म्हणजे पाहुणचाराला, नागरिक असेल तर ‘देइप्नोन’ला. सभागृह तेच, यजमान तेच. एखाद्या परदेशी माणसाला त्याच ठरावाने नागरिकत्व बहाल केलं असेल, तर त्याला देइप्नोनचं आमंत्रण जाऊ शकतं. स्पार्टाने हे आणखी उघड केलं होतं. तिथे प्रत्येक पुरुष नागरिकाला सार्वजनिक भोजनगटात आपल्या वाट्याचं धान्य, वाइन वगैरे द्यावं लागे. गरिबीमुळे ज्याला ते देता येत नसे त्याचे नागरिकाचे हक्क जात. अॅरिस्टॉटलने ‘राजनीती’त या व्यवस्थेवर बोट ठेवलं आहे.

गरिबांचं देइप्नोन कसं असे, ते अरिस्तोफानेसच्याच इ.स.पू. ३८८ च्या ‘प्लूतोस’ नाटकात एका चिमट्यात येऊन जातं. हेकाटे देवीसाठी श्रीमंत लोक दर महिन्याला तिठ्यावर नैवेद्य ठेवत, त्यालाही देइप्नोनच म्हणत. नाटकातलं पात्र म्हणतं की श्रीमंत असणं बरं की उपाशी असणं, हे हेकाटेलाच विचारा. श्रीमंत तिच्यासाठी देइप्नोन पाठवतात आणि ते खाली ठेवायच्या आत गरीब ते झडप घालून पळवतात. नाम ‘देइप्नोन’च राहिलं, पण गरिबांसाठी क्रियापद बदललं. ते देइप्नोन करत नाहीत, हिसकावतात.

या धातूचं प्रयोजक रूपही आहे, ‘देइप्निझो’, म्हणजे जेवू घालणे. ‘ओडिसी’त ते ज्या ओळीत येतं ती ओळ मी विसरू शकत नाही. ट्रॉयहून जिंकून परतलेल्या आगामेम्नोनला आइगिस्थोस घरी बोलावतो, जेवू घालतो आणि गव्हाणीपाशी बैल मारावा तसा मारतो. ही ओळ महाकाव्यात दोनदा येते, एकदा चौथ्या सर्गात आणि एकदा अकराव्यात, जिथे मेलेला आगामेम्नोन स्वतः पाताळात ती बोलतो. आधी देइप्नोन आणि लगेच गव्हाण. ज्याला माणूस म्हणून ताटावर बसवलं त्याला जनावर म्हणून कापलं. होमरने विश्वासघात असा शब्दही तिथे वापरलेला नाही, आणि गरजही नव्हती.

आता परत निआइराकडे. तिच्याविषयीचं रूप आहे ‘सुनेदेइप्नेइ’. ‘सुन’ म्हणजे सोबत. उपसर्ग आणि धातू यांच्या मधोमध भूतकाळाचा ‘ए’ बसलेला, ‘समगच्छत्’ मध्ये ‘सम्’च्या पुढे ‘अ’ बसतो तसाच. आणि काळ अपूर्ण, म्हणजे ‘जेवली’ नव्हे, ‘जेवत होती’, ‘जेवत असे’. एकदा घडून संपलेली गोष्ट सांगायला ग्रीकमध्ये दुसरं रूप आहे. अपोलोडोरोसने ते घेतलं नाही. त्याने चालू असलेलं दृश्य पंचांसमोर ठेवलं. पुरुष आडवे रेललेत, ती त्यांच्यात आहे, पीत आहे, जेवत आहे, आणि हे थांबत नाही. पुढे फ्रिनिओन नावाच्या माणसाबद्दल सांगतानाही तो म्हणतो की हा जिथे प्यायला जाई तिथल्या देइप्नोनला तिला घेऊन जाई.

हेच क्रियापद पुरुषाला लावलं तर काय होतं, ते प्लेटोच्या ‘सिंपोझियम’च्या सुरुवातीला दिसतं. प्रसंग इ.स.पू. ४१६ चा. सॉक्रेटिस चक्क आंघोळ करून, पायात चपला घालून आगाथोनकडे जेवायला निघालेला असतो. वाटेत भेटलेल्या अरिस्तोदेमोसला तो बिनबोलावता बरोबर घेतो आणि स्वतः शेजारच्या पडवीत विचार करत उभा राहतो. बिचारा अरिस्तोदेमोस एकटाच दारात पोचतो. आगाथोन त्याला बघताच म्हणतो की बरा आलास, आमच्यासोबत जेव. क्रियापद तेच, ‘सुन’ लावलेलं. बिनबोलावता आलेल्या पुरुषासाठी तो शब्द म्हणजे उघडलेलं दार. सॉक्रेटिस येतो तेव्हा जेवण अर्ध्यावर आलेलं असतं, आणि जेवण संपल्यावर देवांना अर्घ्य देऊन मग पिण्याचा कार्यक्रम सुरू होतो. ‘सिंपोझियम’ म्हणजे तो नंतरचा, सोबत पिण्याचा भाग. प्लेटोच्या त्या संध्याकाळी बासरीवाली येते, तिलाही आत जायला सांगतात. वाटल्यास घरातल्या बायकांसाठी वाजव, म्हणतात. बायका घरातच होत्या. त्या ‘सोबत’ नव्हत्या.

हा अलिखित नियम एका वारसाहक्काच्या दाव्यात स्पष्ट शब्दांत बोलला गेला आहे. इसाइओसच्या तिसऱ्या भाषणात प्रश्न असा आहे की पिऱ्होस नावाच्या मृत माणसाच्या मुलीची आई त्याची लग्नाची बायको होती की नव्हती. वक्त्याचा युक्तिवाद असा की लग्नाच्या बायका नवऱ्यांबरोबर देइप्नोनला जात नाहीत आणि परक्या पुरुषांच्या सोबत जेवत नाहीत; ही बाई तर तसं करायची, हे शेजारी सांगतात. म्हणजे ती बायको नव्हे, म्हणजे मुलगी औरस नव्हे, म्हणजे तिला वारसा नाही. आई कोणाच्या शेजारी बसून जेवली, त्यावर मुलीची मिळकत.

निआइराच्या खटल्याचा निकाल टिकलेला नाही. भाषण तेवढं उरलं. त्या वेळी ती पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे असावी, आणि ज्या जेवणांबद्दल साक्षी झाल्या ती तिच्या कोवळ्या वयातली, तिच्या मालकिणीने ठरवलेली होती. ती तिथे पाहुणी नव्हती, विकत आणलेली होती. तरी वाक्याचा कर्ता तीच आहे. कर्तरी प्रयोग. मला इथे व्याकरणाचा राग आला हे कबूल करते.

या शब्दाचा मराठीशी एक जुना धागा आहे. ग्रीक नव्या करारात देइप्नेओ चारच वेळा येतो. लूकमध्ये शेतावरून आलेल्या दासाला धनी सांगतो की आधी माझ्या देइप्नोनचं बघ, कंबर बांधून वाढ, मग तू खा आणि पी. धन्यासाठी तिथे ‘खाणे’ही येतं आणि देइप्नेओही, दासाच्या वाट्याला फक्त ‘खाणे’. दोनदा तो शेवटच्या भोजनाच्या संदर्भात ‘जेवण झाल्यावर’ असा येतो, एकदा लूकमध्ये आणि एकदा पौलाने कॉरिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात. त्या पत्रात पौल रागावलेला आहे, कारण तिथे जमणाऱ्या मंडळींत जो तो आपापलं देइप्नोन आधी उरकतो, एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. हे प्रभूचं देइप्नोनच नव्हे, असं तो सुनावतो. आणि चौथ्यांदा तो प्रकटीकरणात येतो. तिथे दाराशी उभा असलेला ख्रिस्त म्हणतो की दार उघडणाऱ्यासोबत मी जेवेन आणि तो माझ्यासोबत. तिथे दोन्ही बाजूंना एकच क्रियापद पुरवलं आहे. धनी-दास ही वाटणी तिथे मोडते.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात अखंड बायबल मराठीत आणलं. १९२२ साली गेल्या तोवर त्या त्यावर काम करत होत्या. ही चारही स्थळं त्यांच्या हाताखालून गेली असणार. खाणे कुठे आणि जेवणे कुठे, कोणाला खाऊ द्यायचं आणि कोणाला जेवू द्यायचं, हे त्यांना मराठीत ठरवावं लागलं असणार. ज्या समाजात कोण कोणाच्या पंक्तीला बसतं यावर माणसाची जात ठरत होती आणि वाळीत टाकणं म्हणजे मुख्यतः पंक्तीतून उठवणं होतं, त्या समाजातल्या बाईला हा प्रश्न कोशातला वाटला नसेल.

माझ्या भाषांतरात मी आधी ‘त्यांच्या पंगतीला बसून’ असं करून पाहिलं. मग खोडलं. पंगत म्हटलं की केळीचं पान येतं, सोवळं येतं, आणि अथेन्सचे ते कोच नाहीसे होतात. शेवटी लिहिलं, ‘ती अनेकांच्या देखत त्यांच्यासोबत पीत असे, त्यांच्यासोबत जेवत असे.’ ‘त्यांच्यासोबत’ दोनदा आलं, कारण ग्रीकमध्ये उपसर्ग दोनदा आहे आणि आरोपही त्या उपसर्गातच आहे. काकांना ते पटलं. खात्यापित्या घराचा विनोद मात्र त्यांनी आणखी एकदा केलाच.

तो रविवार संपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी उभी होती, कढईतली उरलेली भाजी पोळीला लावून. घरातल्या सगळ्यांना वाढून झालं की गेली पन्नास वर्षं तिची हीच जागा. मी विचारलं, “जेवलीस का?”

“खाल्लं की,” ती म्हणाली.